केसीएल (पोटॅशियम क्लोराईड) लावायच्या आधी लघवी का विचारतात?

प्रश्न: मॅडम, मी मेडिसिन वॉर्डला नवीनच स्टाफ नर्स म्हणून लागलेय. एका पेशंटला खूप उलट्या झालेल्या, पोटॅशियम २.९ आलं. ऑर्डर होती ५०० एमएल नॉर्मल सलाईनमध्ये २० एमईक्यू (पोटॅशियम मोजायचं एकक) केसीएल, चार तासांत. बाटली स्टँडला लावलेली होती म्हणून मी तशीच वरून इंजेक्ट करायला गेले तर सीनियर सिस्टरनी थांबवलं, आधी लघवी किती झाली विचारलं आणि मग बाटली खाली काढायला लावली. असं का? आणि डेक्स्ट्रोजमधून (साखरेच्या सलाईनमधून) दिलं तर पेशंटला तेवढीच ताकद नाही का मिळणार?

उत्तर: तुझ्या सिस्टरनी अगदी बरोबर केलं. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात अगदी थोडं, नॉर्मल ३.५ ते ५, आणि हृदयाचे ठोके त्या थोड्यावरच सांभाळले जातात. जास्तीचं बाहेर टाकायचं काम किडनीचं. लघवीच होत नसेल तर तू दिलेलं पोटॅशियम साठत जाणार, म्हणून आधी युरिन आउटपुट बघायचं, मोठ्या माणसाला साधारण किलोमागे तासाला अर्धा एमएल, म्हणजे ६० किलोच्या पेशंटला ३० एमएल तरी हवी, आणि क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालतेय ते दाखवणारा) रिपोर्ट आला असेल तर तोही बघ.

आता बाटलीचं. केसीएल सलाईनपेक्षा जड असतं, लटकत्या बाटलीत टाकलं की खाली तोंडापाशी जमतं आणि पहिल्या काही मिनिटांत पेशंटला सगळं दाट दाटच जातं. म्हणजे नकळत पुश (सिरिंजने थेट शिरेत एकदम) दिल्यासारखंच झालं ना! आणि केसीएल थेट पुश कधीच, कधीच करायचं नाही, हृदय बंद पडतं. म्हणून बाटली खाली घे, क्लॅम्प बंद, औषध टाक, चांगली दहा वेळा तरी उलटसुलट कर, लेबल लाव, मगच चालू कर. हे घाईच्या ड्युटीतही सोडू नकोस.

तुझ्या ऑर्डरमध्ये तासाला ५ एमईक्यू जातं. हाताच्या शिरेतून साधारण १० पर्यंत देतात, त्यापुढे जायचं तर हृदयाचा (ईसीजी) मॉनिटर हवा. १२५ एमएल तासाला म्हणजे एमएलला २० थेंब पडणाऱ्या सेटवर मिनिटाला ४२ थेंब, पंप नसेल तर घड्याळ लावून मोज आणि मधून मधून परत बघ, पेशंटने हात वाकवला तरी स्पीड बदलतो. शीर जळजळतेय म्हणाला तर स्पीड कमी करून डॉक्टरांना सांग, सुईजवळ सूज असेल तर लगेच बंद.

डेक्स्ट्रोजने ताकद येते हा समज नातेवाइकांचाही असतो. पण साखर गेली की इन्सुलिन वाढतं आणि ते पोटॅशियमला पेशीत ढकलतं, म्हणजे आधीच कमी असलेलं रक्तातलं अजून खाली! शिवाय उलट्यांमध्ये क्लोराईडही जातं, ते सलाईनमधून भरून निघतं.

आणि दोन-तीन बाटल्या जाऊनही पोटॅशियम चढत नसेल तर मॅग्नेशियमची तपासणी करायची का हे राउंडला डॉक्टरांना नक्की विचार, ते कमी असलं की किडनी पोटॅशियम धरूनच ठेवत नाही.