बुकिंगच्या खिडकीतून : वाचकांचे प्रश्न

दादरच्या एका नाट्यगृहात तिकीट फाडण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर शाळेच्या पोरांना म्युझियममधून हिंडवायला लागले. एवढ्या भांडवलावर संपादकांनी हे सदर माझ्या गळ्यात घातलंय. या महिन्याचं टपाल जवळजवळ सगळं मुंबईचंच आहे, तेव्हा पुणे-नाशिककरांनी जरा सांभाळून घ्यावं.

ताई, माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, कानाला यंत्र आहे, पण नाटकाचं वेड जात नाही. मागच्या खेपेला तिच्यासाठी मुद्दाम पहिल्या रांगेचं महागडं तिकीट काढलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "दिसलं छान, ऐकू काही आलं नाही." कुठली सीट घ्यावी? – एक वाचक, मुलुंड

पहिली रांग घेऊ नका. खिडकीवर येणारा प्रत्येक मुलगा "आईला ऐकू कमी येतं, पुढचं द्या" म्हणायचा आणि मी प्रत्येकाला हेच सांगायची. ऐकायचे थोडे, कारण पुढची सीट म्हणजे चांगली सीट हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

त्याचं असं आहे. स्पीकर रंगमंचाच्या दोन्ही अंगांना, उंचावर लावलेले असतात आणि त्यांचं तोंड हॉलच्या मध्याकडे असतं. पहिल्या दोन रांगांच्या डोक्यावरून आवाज निघून जातो. तिथे बसलेल्याला ऐकू येतो तो नटाचा कच्चा आवाज, आणि नट तर बाल्कनीकडे बघून बोलतो. त्यात रंगमंच उंच असला तर आईंना अर्धा वेळ फक्त पावलं दिसणार. दिवाणखान्याच्या नाटकात सोफा मागे ठेवलेला असतो. पात्र सोफ्यावर जाऊन बसलं की पुढच्या माइकपासून लांब जातं आणि नेमकं महत्त्वाचं बोलणं तिथेच होतं. आता पुष्कळ नाटकांत कॉलर माइक आलेत, त्यामुळे थोडा फरक पडलाय.

आईंसाठी एफपासून जेपर्यंतची मधली रांग घ्या. मात्र त्या रांगेवर बाल्कनी येत नाही ना, ते बघून. साहित्य संघ (1964), शिवाजी मंदिर (1965) ही बाल्कनी असलेली जुनी बांधणी. बाल्कनीच्या पोटाखाली छत खाली येतं आणि आवाज बोथट होतो. मोबाइलवरच्या प्लॅनमध्ये ही बाल्कनीची कड कुठे येते ते कळत नाही. म्हणून खिडकीवर जाऊन किंवा फोन करून सरळ विचारा, "बाल्कनी कितव्या रांगेवर येते?" हा प्रश्न फार कोणी विचारत नाही. क्लार्क मान वर करून तुमच्याकडे बघेल आणि मग बहुतेक स्वतःच चांगली सीट काढून देईल.

संगीत नाटक असेल तर ऑर्गन एका कडेला आणि तबला दुसऱ्या कडेला असतो. कानाला यंत्र असलेल्या माणसाला तबल्याच्या बाजूला पुढे बसवू नका, प्रत्येक थाप यंत्रात घुसते. कडेची सीट घ्या, म्हणजे मध्यंतरात दहा गुडघे ओलांडावे लागत नाहीत. वड्याच्या रांगेत तुम्ही उभे राहा, आईंना फोयरमध्ये खुर्ची बघून द्या.

एका लहान नाट्यगृहात प्रायोगिक नाटकाला गेलो होतो. ट्रॅफिकमुळे दहा मिनिटं उशीर झाला. दारावरच्या मुलाने हात जोडले, पण आत सोडलं नाही. पैसेही परत नाहीत. मोठ्या नाट्यगृहात बॅटरी दाखवून सीटपर्यंत नेतात. हा ग्राहकावर अन्याय नाही का? – एक वाचक, ठाणे

नाही. राग समजू शकते, पण त्या मुलाचं बरोबर होतं.

मोठ्या नाट्यगृहात नट तिकडे उजेडात, तुम्ही इकडे अंधारात. उशिरा आलेला माणूस फार तर त्या रांगेच्या शिव्या खातो. लहान नाट्यगृहाचा प्रकारच वेगळा. जुहूचं पृथ्वी थिएटर 1978 साली सुरू झालं. तिथे दोनेकशे लोक मंचाच्या तीन बाजूंना बसतात आणि नट पहिल्या रांगेपासून हाताच्या अंतरावर असतो. अशा जागी दार उघडून कोणी आत आलं की तो त्या दृश्यातलं एक पात्रच होतो. तिसरी घंटा झाली की दार बंद, हा पृथ्वीचा नियम त्यामुळेच गाजलेला आहे आणि तिथले नेहमीचे प्रेक्षक तो निमूट पाळतात. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं व्हायची, तिथेही जागा एवढीशी. खुर्ची सरकवली तरी सगळ्या हॉलला कळायचं.

खरी गोम अशी की आपल्या व्यावसायिक नाट्यगृहांनीच प्रेक्षकाला वाईट सवय लावली आहे. चारचा प्रयोग सव्वाचारला सुरू करायचा, म्हणून लोक सव्वाचारला निघाल्यासारखे येतात. पैशांचं म्हणाल तर आयोजक संस्थेला सौम्य शब्दांत लिहून पुढच्या प्रयोगाला सोडाल का, असं विचारा. काही संस्था सोडतात. हक्क म्हणून मागू नका.

आणि आत गेल्यावर मोबाइल बंद. 2019 साली नाशिकला नट सुमीत राघवन यांनी फोन वाजल्यामुळे प्रयोग थांबवला, तेव्हा अर्धा महाराष्ट्र त्यांच्या बाजूने आणि अर्धा विरुद्ध भांडत होता. मी कुठल्या बाजूला होते ते सांगायला नकोच.

आम्ही सहा जण एका रविवारी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम बघायला गेलो होतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी. दोन तासांत मुलगी रडायला लागली, सासरे पायरीवर बसले, आणि घरी आल्यावर कोणाला काहीच आठवेना. पुन्हा जावं असं वाटतं, पण कसं? – एक वाचक, डोंबिवली

तुम्ही सगळं बघायला गेलात, तिथेच फसलात. सगळं बघायचंच नसतं. त्या इमारतीत मी इतक्यांदा गेलेय, तरी काही दालनं अजून माझ्या ओळखीची नाहीत.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (सासऱ्यांना प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणू दे, काही बिघडत नाही) बघायची सुरुवात इमारतीपासूनच करा. 1905 मध्ये पायाभरणी झाली, ती करायला तेव्हाचे युवराज, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज आले होते. वास्तुविशारद जॉर्ज विटेटने इमारत उभी केली. पण महायुद्ध सुरू झालं आणि तिथे लष्करी इस्पितळ आलं. लोकांसाठी दारं उघडली ती 1922 मध्ये. आत शिरल्यावर घुमटाखाली थांबा आणि सगळ्यांना वर बघायला सांगा. हा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला. त्याच्या आजूबाजूचं कोरीव लाकूडकाम निरखून बघा. नाशिकच्या एका वाड्यातलं लाकूडकाम विटेटने विकत घेऊन इथे बसवलं होतं. सासरे वाड्यात वाढले असतील तर ते तिथे पंधरा मिनिटं घालवतील आणि खांब, तुळई, कडीपाट असं सगळं नातवाला सांगतील. तेवढ्यात तुम्ही बाकावर बसून घ्या.

मुलांना पुढे नैसर्गिक इतिहासाच्या दालनात न्या. काचेमागचे पक्षी आणि प्राणी, मागे रंगवलेलं रान, दलदल. चार वर्षांची मुलगी इथे रडत नाही. पक्षीतज्ज्ञ सलीम अली तरुण असताना याच दालनात लोकांना माहिती सांगायच्या नोकरीवर होते, 1926 मध्ये. हे मी शाळेच्या पोरांना सांगते आणि मग विचारते, "तुमच्यापैकी कोण मला या काचेतला एक पक्षी असा दाखवील, जो आपल्या गॅलरीत येतो?" एकदम सगळे नाक काचेला लावतात. रखवालदार ओरडतो, ते ऐकून घ्यायचं.

सातवीतला असता तर मुलाला अकबराचं चिलखत आणि ढाल दाखवा म्हटलं असतं, पण सात वर्षांचाही खूश होईल. माझ्या आवडीची वस्तू मात्र वेगळी आहे. सिंधमधल्या मीरपूरखासच्या बौद्ध स्तूपातून आलेल्या भाजक्या मातीच्या मूर्तींमध्ये एक उपासक आहे, हातात कमळ घेतलेला. एका कुशीवर कलून उभा आहे. केसांच्या बटा, कमरेचं वस्त्र, आणि त्या कमळाचा देठ त्याने कसा धरलाय ते बघा. ज्याने तो घडवला त्याने समोर खरा माणूस उभा करून घडवला असणार, असं मला दर वेळी वाटतं. सासूबाईंना तिथे एकट्यांना थोडा वेळ सोडा.

एवढं झालं की बाहेर पडा, हिरवळीवर डबा खायला परवानगी कुठे आहे ते दारावर विचारून घ्या, आणि घरी जा. लिफ्ट आणि व्हीलचेअरचंही तिथेच विचारा, लाजू नका. पोरांना वही आणि पेन्सिल द्या. दीड तासाच्या वर मुळीच थांबू नका. आवारात 2019 पासून मुलांचं स्वतंत्र म्युझियमही आहे, ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

भाच्याने मुंबईतल्या एका जुन्या क्लबात जेवायला बोलावलंय. मी साताऱ्याचा, धोतर आणि कोल्हापुरी वहाणा घालतो. भाचा म्हणतो, "मामा, बूट आणि कॉलरचा शर्ट घाला." हे मला पटत नाही. जाऊ का नको? – एक वाचक, सातारा

मामा, जायचं का नाही ते तुम्ही ठरवा, पण दारापर्यंत जाऊन परत यायची वेळ येऊ देऊ नका. तिथे भांडायला लागाल तर दरवानाशी भांडाल, आणि नियम त्याने केलेला नसतो. मान खाली घालावी लागेल ती भाच्याला, कारण पाहुण्याच्या वागण्याला सभासद जबाबदार धरला जातो.

हा वाद जुनाच आहे. चित्रकार हुसेन अनवाणी हिंडायचे. 1988 मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबात त्यांना त्यासाठी प्रवेश नाकारला गेला आणि वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. 2014 मध्ये चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसल्यामुळे एका क्लबाच्या दारात अडवलं. त्यावर तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी कायदाच केला, की वेष्टीसारख्या भारतीय वेशाला असं अडवता येणार नाही. पण तो कायदा तमिळनाडूपुरता. गंमत म्हणजे हे विलिंग्डन 1918 साली निघालं तेच, इतर क्लबांत भारतीय लोकांना मज्जाव होता म्हणून.

माझं मत विचाराल तर धोतर हा पूर्ण पोशाख आहे आणि त्याला नावं ठेवणाऱ्याच्या जेवणाची मला गरज नाही. तरी भाच्याला सांगा, क्लबाच्या कचेरीत फोन करून दोन गोष्टी विचार. एक, भारतीय पोशाख चालतो का. पुष्कळ ठिकाणी चालतो आणि सभासदांनाच ते ठाऊक नसतं. दुसरी, मागे पट्टा असलेली चप्पल चालेल का. बऱ्याचदा अडतं ते पायातल्यावर, धोतरावर नाही. आत गेल्यावर रोख पैसे काढू नका, बिलावर भाचा सही करील. मोबाइलवर बोलायचं तर बाहेर येऊन.

मी निवृत्त आहे, एकटा आहे, पेन्शन बेताची. महागडी नाटकं परवडत नाहीत. मुंबईत एक दिवस कुठे जाऊ? – एक वाचक, विरार

भायखळ्याला जा. स्टेशनवरून राणीच्या बागेपर्यंत चालत जाता येतं आणि शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. बुधवारी बंद असतं, तेवढं ध्यानात ठेवा.

1872 मध्ये ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने उघडलं, 1975 मध्ये भाऊ दाजींचं नाव मिळालं. आत वरच्या मजल्यावर जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. कोळीण, पारशी, भाटिया, कोण कोण. काचेजवळ वाकून फक्त त्यांच्या डोक्यांकडे बघा. पगड्या, पागोटी, टोप्या, प्रत्येकाचं बांधणं निराळं. त्या काळी माणूस कोण, कुठला, काय धंद्याचा हे डोक्यावरून कळायचं. माझ्याबरोबर आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी एका पगडीवर बोट ठेवलं आणि त्यांच्या पणजोबांच्या दुकानाचा सगळा इतिहास मला ऐकवला. मी सांगायचं विसरूनच गेले.

भाऊ दाजी नुसते डॉक्टर नव्हते. मूळचे पेडण्याकडच्या मांद्रे गावचे, शिलालेख वाचणारे, आणि मुंबईतली पहिली मराठी नाटकं उभी राहिली त्या काळातले. विष्णुदास भाव्यांनी 1853 मध्ये ग्रँट रोडच्या थिएटरात खेळ केले, त्या थिएटरची जागा नाना शंकरशेट यांची, आणि हे म्युझियम उभं करायला पुढे सरसावलेल्यांतही नाना आणि भाऊ दाजी दोघंही होते. म्हणजे मुंबईचं नाटक आणि मुंबईचं म्युझियम एकाच घोळक्याने हाती धरलेलं.

बाहेर आवारात या. तिथे मोठा दगडी हत्ती आहे. हा मूळ घारापुरीचा, ज्याच्यावरून इंग्रजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये त्याला विलायतेला न्यायचं ठरलं, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. 1914 मध्ये ते जोडून त्याला उभा केला. अंगावरचे सांधे शोधा, दिसतात. जवळच काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड आहे. फोर्टात काळाघोडा म्हणतात तिथे हा पुतळा होता, 1965 मध्ये इकडे आणला. तिथे आता दिसतो तो घोडा 2017 चा, आणि त्यावर स्वार नाही.

भूक लागली तर बाहेर पडून भायखळ्याच्या इराण्याकडे चहा-ब्रुनमस्का घ्या. पुढच्या महिन्यात दुसरा दिवस काढलात तर सायन-वडाळ्याकडे आणिक आगारात बेस्टचं म्युझियम आहे. जुनी तिकिटं, ट्रामचे नमुने. निघण्याआधी फोन करून चालू आहे का विचारा, आणि जाऊन आलात की काय पाहिलंत ते मला लिहा.