काटा बरोबर, तरी बॉयलर फुटतो कसा?

बॉयलरच्या स्फोटांविषयी वाचकांनी विचारलेल्या निवडक प्रश्नांची उत्तरं या वेळी एकत्र देत आहोत. दाबाचे आकडे किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये आहेत. बॉयलर हाउसमध्ये त्याला नुसतं ‘किलो’ म्हणतात, तसंच इथेही म्हटलं आहे.

प्रश्न : स्फोटानंतरच्या चौकशीत बरेचदा ‘दाब नेहमीएवढाच होता’ असं निघतं. दाब वाढलाच नाही तर बॉयलर फुटेल कसा? आणि इमारत पाडण्याइतकी ताकद वाफेत येते कुठून?

आतला दाब पत्र्याला झेपेनासा झाला की बॉयलर फुटतो. दाब वाढला काय किंवा पत्रा कमजोर झाला काय, शेवट एकच. त्यातला दाब काट्यावर दिसतो आणि तो वाढला तर जादा वाफ सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. पत्रा किती उरला आहे, हे दाखवणारा काटा मात्र कुठल्याच बॉयलरवर नसतो.

हिशोब करून पाहा. बॉयलरचा व्यास १.८ मीटर, पत्रा १२ मिलिमीटर आणि दाब १० किलो. गोलाईच्या दिशेने पत्र्यावर येणारा ताण दर चौरस सेंटिमीटरला ७५० किलो होतो. गंज खाऊन तोच पत्रा ४ मिलिमीटर उरला, तर ताण २,२५० किलोवर जातो. साधं पोलाद कायमचं ताणलं जायला लागतं, ते साधारण याच टप्प्यात. काटा मात्र दोन्ही वेळा १०च दाखवतो. लांबीच्या दिशेचा ताण याच्या निम्मा असतो, म्हणून नळकांडं बहुधा उभं चिरतं आणि लांबीच्या दिशेने जाणाऱ्या जोडाकडे सर्वात जास्त लक्ष द्यावं लागतं.

ताकदीचं म्हणाल, तर ती वाफेपेक्षा पाण्यात जास्त असते. १० किलो दाबाखालचं पाणी सुमारे १८४ अंशांवर असतं आणि दाबामुळेच पाणी म्हणून टिकून राहतं. पत्रा फाटून दाब गेला की त्यातला सुमारे १६ टक्के भाग क्षणात वाफ होतो. म्हणजे एक टन पाण्यातून १६० किलो वाफ, आणि उघड्यावर तिला जागा लागते जवळजवळ २७० घनमीटर. याउलट बॉयलरच्या वरच्या भागात आधीपासून साठलेली वाफ त्या दाबाला घनमीटरमागे जेमतेम साडेपाच किलो भरते. म्हणूनच ‘पाणी भरपूर आहे, मग भीती कसली’ हे म्हणणं अर्धवट आहे. पाणी पत्र्याला जपतं, पण पत्रा फाटलाच तर जास्त पाण्याचा तडाखाही जास्त.

२० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ब्रॉक्टन इथल्या ग्रोव्हर बूट कारखान्यात हेच घडलं. जुना बॉयलर छप्पर फोडून बाहेर गेला, चार मजली लाकडी इमारत खाली बसली, आग लागली आणि ५८ माणसं गेली. दोष होता एकावर एक पत्रा ठेवून रिव्हेट मारलेल्या उभ्या जोडात. असा जोड पूर्ण गोल नसतो. दाब चढला-उतरला की तो दरवेळी किंचित वाकतो, आणि आतल्या पत्र्याच्या झाकलेल्या काठाला रिव्हेटच्या ओळीलगत केसाएवढी चीर धरते. ती आतूनही दिसत नाही आणि बाहेरूनही नाही. पुढे अशा जोडांची जागा पत्र्याच्या कडा समोरासमोर आणून दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारलेल्या जोडांनी घेतली, आणि त्यानंतर वेल्डिंगने. मॅसॅच्युसेट्सने १९०७ साली बॉयलरचे नियम केले. त्यातूनच अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची बॉयलर संहिता पुढे आली.

प्रश्न : पूर्वी लोकांना स्फोटाचं कारण माहीत नव्हतं का?

अंदाज पुष्कळ होते. लालभडक पत्र्यावर पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन तयार होतो आणि तो पेटतो, हे मत तर मोठमोठे लोक मांडत. अमेरिकेत नदीतल्या आगबोटींचे बॉयलर एकामागून एक फुटू लागले, तेव्हा १८३०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने सरकारी पैशावर प्रयोग केले. हायड्रोजनची कल्पना त्यात टिकली नाही. साधी कारणंच खरी ठरली : पाणी कमी पडणं, पत्रा खराब असणं, व्हॉल्व्ह अडकणं.

खरं तर अनुभवाने हे आधीच शिकवलं होतं. १८०३ साली लंडनजवळच्या ग्रीनिचला इंग्रज अभियंता रिचर्ड ट्रेव्हिथिक याचा जास्त दाबाचा बॉयलर फुटला. व्हॉल्व्ह दाबून ठेवलेला होता आणि इंजिनाजवळ लक्ष द्यायला कोणी नव्हतं. त्यानंतर ट्रेव्हिथिकने दोन सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवायला सुरुवात केली, त्यातला एक चालकाच्या हाताला न लागणारा. शिवाय पाणी उतरलं की वितळून वाट मोकळी करणारं शिशाचं बूचही बसवलं. आजचा फ्यूजिबल प्लग तो हाच, फक्त आता त्यात २३२ अंशांना वितळणारं कथील भरतात. १८३१ साली ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ या आगगाडीच्या इंजिनावर फायरमनने फुसफुस बंद व्हावी म्हणून व्हॉल्व्ह दाबून धरला, बॉयलर फुटला आणि तोच मेला.

२७ एप्रिल १८६५चा ‘सुल्ताना’चा अपघात सगळ्यात भीषण. ३७६ जणांची परवानगी असलेल्या या आगबोटीवर दोन हजारांहून जास्त लोक होते, बहुतेक युद्धकैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक. मिसिसिपी नदीत मेम्फिसच्या वरच्या बाजूला तिच्या चारपैकी तीन बॉयलरांचा स्फोट झाला आणि अकराशेहून जास्त माणसं मेली. निघण्यापूर्वी एका बॉयलरच्या फुगलेल्या पत्र्यावर घाईने ठिगळ मारलं होतं, तेही मूळ पत्र्यापेक्षा पातळ. आत गढूळ नदीचं पाणी, वर माणसांचं ओझं. बोट कलंडली की एकमेकांना जोडलेल्या बॉयलरांतलं पाणी एका बाजूला धावणार आणि दुसरी बाजू उघडी पडणार. पत्रा फुगला म्हणजे तो तिथे तापून मऊ झाला होता. तो का तापला हे न शोधता वर ठिगळ मारणं, ही चूक आजही दिसते.

प्रश्न : गेज ग्लासमध्ये, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत, पाणी दिसेनासं झालं तर आधी काय करायचं? लगेच पंप चालू करायचा का?

नाही. पाणी दिसेनासं झालं म्हणजे ते किती खाली गेलं आहे हे कळायला मार्ग नसतो. आधी आग बंद करा. बर्नर असेल तर इंधन तोडा. घन इंधन असेल तर हवा बंद करून आग ओल्या राखेने झाका. पंप चालू करू नका, कारण तापून मऊ पडलेल्या पत्र्यावर गार पाणी गेलं की तो आखडतो, चिरतो आणि नळ्यांचे जोड सुटतात. सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलू नका. मुख्य वाफेचा व्हॉल्व्हही झटक्यात उघडू नका. दाब एकदम पडला की पाणी उसळून त्या तापलेल्या पत्र्यावर आदळतं. माणसं दूर करा आणि बॉयलर आपोआप गार होऊ द्या. आतून तपासणी झाल्याशिवाय पुन्हा भरायचा नाही.

ही वेळ येऊ नये म्हणून दर पाळीला काच उडवून पाहायची, म्हणजे तिच्या वाटा जोराने मोकळ्या करून तपासायच्या. काच खालून पाण्याला आणि वरून वाफेला जोडलेली असते, दोन्हीकडे एकेक चावी. आधी खालचा ड्रेन उघडा. मग पाण्याची चावी बंद करा, नुसती वाफ जोरात आली पाहिजे. पाण्याची चावी उघडून वाफेची चावी बंद करा, आता पाणी जोरात आलं पाहिजे. दोन्ही चाव्या उघड्या ठेवून ड्रेन बंद केला की पाणी झटकन वर चढून जरासं हलत स्थिरावतं. ते सावकाश, रेंगाळत चढलं तर खालची वाट अर्धी बुजलेली आहे असं समजा. चालू बॉयलरच्या काचेतलं पाणी सतत थोडं हलत असतं. ते अगदी निश्चल दिसलं तर आधी संशय घ्या.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. खालची वाट बुजली तर वरून आलेली वाफ काचेत गार होऊन पाणी साठत जातं. वरची वाट बुजली तर काचेतली वाफ आटून पाणी वर ओढलं जातं. दोन्ही बिघाडांत काच पाणी जास्त दाखवते, म्हणजे चूक नेमकी घातक बाजूला होते. १६ जून १९९५ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गजवळ एका वाफेच्या इंजिनाच्या भट्टीचं छत पाणी कमी पडून खाली आलं आणि तिघे भाजले. चौकशीत गेज ग्लासच्या वाटा क्षाराने तुंबलेल्या आढळल्या.

प्रश्न : आमच्या बॉयलरमध्ये मिलिमीटरभर क्षार बसला आहे. इंधन थोडं जास्त जातं, एवढंच ना?

एवढंच नाही. भट्टीच्या सर्वात तापट भागात दर चौरस मीटरला दीड लाख वॉट उष्णता पत्र्यातून जात असेल, तर कॅल्शियमच्या एक मिलिमीटर थरामुळे पत्रा सुमारे १५० अंशांनी जास्त तापतो. पाणी १८४ अंशांवर, त्यात हे १५०, वर पत्र्याच्या स्वतःच्या जाडीमुळे होणारी वाढ. साध्या पोलादाची ताकद साधारण ४२५ अंशांपुढे झपाट्याने ढासळते, म्हणजे हाताशी फार अंतर उरत नाही. थर सिलिकाचा असेल तर याहून पातळ असला तरी घात करतो. बॉयलरला पाणी मऊ करूनच द्या, रोज ब्लोडाऊन करा, म्हणजे तळाचं गाळाचं पाणी सोडून द्या, आणि बॉयलरच्या पाण्याचा सामू (पीएच) १०.५ ते ११.५च्या दरम्यान ठेवा.

आणि नुसता क्षार पाहून थांबू नका. आत उतरल्यावर पत्र्यावर तांबूस, फोडासारखे उंचवटे दिसले तर त्यातला एक खरवडून पाहा. खाली काळी भुकटी असेल आणि तिच्याखाली वाटीसारखा खड्डा असेल, तर ते पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचं काम आहे. भोवतालचा पत्रा पूर्ण जाडीचा असतो, म्हणून जाडीमापकाचं एखाददुसरं वाचन तुम्हाला सहज फसवतं. खड्ड्याची खोली वेगळी मोजा. उपाय म्हणजे बॉयलरला दिलं जाणारं (फीडचं) पाणी डीएरेटरमध्ये १०५ अंशांच्या आसपास तापवून वायू काढणं आणि उरलेल्या ऑक्सिजनसाठी सल्फाइटसारखं रसायन देणं.

प्रश्न : बॉयलर पूर्ण स्वयंचलित असेल तर हे सगळं लागतं का?

लागतं. पाणी कमी झाल्यावर बर्नर बंद करणारा फ्लोट ज्या डब्यात असतो, तिथेच गाळ बसतो. गाळात रुतलेला फ्लोट पाणी उतरलं तरी वरच राहतो. बर्नर चालू असताना त्या डब्याचा ड्रेन उघडा. बर्नर बंद पडला नाही, तर बॉयलर चालवू नका.

शिवाय वायू किंवा तेलाच्या बॉयलरला आणखी एक स्फोट संभवतो, तो भट्टीतला. ज्योत लागली नाही आणि इंधन आत साठलं, तर पुढची ठिणगी ते सगळं एकदम पेटवते. म्हणून पेटवण्याआधी पंख्याने भट्टी आणि धुराचा मार्ग धुऊन काढतात : अग्निनळी (नळ्यांतून धूर, भोवती पाणी) बॉयलरमध्ये किमान चार वेळा हवा बदलेल इतका वेळ, जलनळी (नळ्यांतून पाणी, भोवती आग) बॉयलरमध्ये आठ वेळा. ज्योत न लागल्याने बर्नर आपोआप बंद पडून अडकला (लॉकआउट झाला) की पुन्हा पुन्हा रीसेट दाबणं म्हणजे दर वेळी आणखी थोडं इंधन आत सोडणं. एकदा रीसेट करून ज्योत आली नाही तर कारण शोधा.

प्रश्न : घरातला गीझर असा फुटू शकतो का?

थर्मोस्टॅट चिकटला आणि सेफ्टी व्हॉल्व्हही अडकला, तर हो. १०० लिटरच्या बंद टाकीत पाणी १५० अंशांवर गेलं आणि टाकी फाटली, तर सुमारे ९ किलो पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती सुमारे १५ घनमीटर जागा मागते. व्हॉल्व्ह अधूनमधून उचलून पाहा. त्याच्या नळीतून थेंब पडतात म्हणून तिच्या तोंडाला बूच मारू नका, व्हॉल्व्ह बदला.