ऱ्होसमध्ये घर घ्यावं का? नऊ वर्षं राहिल्यावर सांगते

ताई, तुमचा प्रश्न वाचला. ब्रिटनमध्ये वेल्समधल्या रेक्सम शहरातल्या रुग्णालयात नर्सची नोकरी लागली आहे, मुलगी पाच वर्षांची, शहरातलं भाडं झेपत नाही आणि जवळच्या ऱ्होस नावाच्या खेड्यात घर मिळतंय. तिथे दुकानं, शाळा आहेत का, की एकटं पडायला होईल, असं तुम्ही विचारलंय. मी नऊ वर्षं ऱ्होसमध्ये राहते. जरूर या. फक्त रात्री पाठ टेकायला घरी यायचं आणि सकाळी निघायचं, असं इथे राहू नका.

खेडं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शंभर उंबरे येतात. इथे साडेनऊ हजारांच्या आसपास वस्ती आहे. पूर्ण नाव ऱ्होसलानेर्ख्रिगोग, म्हणजे साधारण हेदरच्या झुडपांचा माळ. वेल्समधलं सगळ्यात मोठं खेडं आपलंच, असं इथली माणसं अभिमानाने सांगतात. दवाखाना, औषधांचं दुकान, वाचनालय, किराणा हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रेक्समला बस जाते, पण तुमची रात्रपाळी असेल तर शेवटच्या बसची वेळ आधी बघून ठेवा. रेल्वे स्टेशन शेजारच्या रुआबनला. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांना वेल्समध्ये 2007 पासून पैसे पडत नाहीत. डाळी-पिठांसाठी मात्र आम्ही महिन्यातून एकदा मँचेस्टर गाठतो.

हे गाव कोळशावर वाढलं. हाफोडची खाण 1968 मध्ये बंद झाली, जवळची बेर्शम 1986 मध्ये. खाणी गेल्या, पण त्या कामगारांनी उभं केलेलं मागे राहिलं, आणि गाव समजून घ्यायचं तर तेच बघायला हवं. मुख्य रस्त्यावर 'स्टिव्ट' नावाची मोठी इमारत आहे: खाणकामगारांची संस्था, नाट्यगृह, वाचायची खोली, सगळं एकत्र. ती 1926 मध्ये उघडली. कामगारांनी आपल्या पगारातून त्यासाठी पैसे दिले होते, आणि ते वर्ष कोणतं, तर ब्रिटनभरच्या खाणकामगारांना महिनोन् महिने कामाबाहेर ठेवलेलं वर्ष! घरात चूल पेटायची पंचाईत असताना या माणसांनी नाट्यगृह उघडलं, हे आठवलं की मला आजही भरून येतं. 1977 मध्ये ते बंद पडलं, पुढे पाडायची वेळ आली, तेव्हा गावकरी हटले नाहीत. 1999 मध्ये ते पुन्हा सुरू झालं. पॉन्कीचं उद्यानसुद्धा तसंच. खाणीच्या टाकाऊ मातीचे ढीग होते तिथे, 1930च्या दशकात बेकार माणसांनी ते सपाट करून बाग केली.

गाण्याचं तर विचारूच नका. इथलं पुरुषांचं गायकवृंद 1891 पासून गातंय. कॅराडॉग रॉबर्ट्स या गावचे. सुतारकामाची उमेदवारी केलेला हा मुलगा पुढे ऑक्सफर्डची संगीतातली डॉक्टरेट घेऊन आला, आणि त्यांनी बांधलेल्या स्तोत्राच्या चाली अजून गायल्या जातात. पहिल्या हिवाळ्यात मी स्टिव्टमध्ये एका कार्यक्रमाला मागच्या रांगेत बसले होते. एक शब्द कळला नाही, पण खर्जातले आवाज एकदम उठले तेव्हा बसलेल्या खुर्चीची लाकडी पाठ थरथरलेली मला जाणवली.

भाषेबद्दल. इथली वेल्श बोली शेजारच्या गावांपेक्षा वेगळी आहे. 'ते तिकडचं' याला इथे 'नेने' म्हणतात, आणि गावच्या वेल्श वृत्तपत्राचं नावही तेच. पहिल्या गणपतीत शेजारच्या आजी आल्या, गॅसवरच्या मोदकपात्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बे दी नेने?" मी थबकलेच, यांना आमचे पुण्याचे नेने कसे माहीत! "ते काय आहे?" एवढंच त्या विचारत होत्या. मोदक खाल्ला, आणि तेव्हापासून दर वर्षी त्या आरतीला येतात.

मुलीला वेल्श माध्यमाच्या शाळेत घालायला घाबरू नका. गावातली प्राथमिक शाळा आय. डी. हूसन या इथल्याच कवीच्या नावाने आहे. पालकांना वेल्श यायची अट नसते. माझ्या मुलाशी मी घरी मराठीच बोलले. शाळेत वेल्श, गल्लीत इंग्रजी. तिन्ही भाषा त्याच्या तोंडी आहेत. माध्यमिकला वेल्शच हवं असेल तर रेक्समला मॉर्गन लुइड शाळेत जावं लागतं.

आता घराचं. गाव उंचावर आहे, वारा बोचरा असतो. पुढे विकत घ्यायचं ठरलं तर जमिनीखालच्या जुन्या खाणकामाचा अहवाल मागवल्याशिवाय सही करू नका. भाड्याचं असेल तर ओल बघा. आमच्या पहिल्या घराच्या भिंतीला नवा रंग दिला होता, ऑक्टोबरपर्यंत तो पापुद्र्यासारखा सुटला आणि मुलाचा खोकला दोन महिने हटला नाही. एजंटने आधी अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणून घर बघायला पावसाच्या दिवशीच या, कपाटं सरकवायला लावा आणि मागच्या खोलीची उत्तरेकडची भिंत तळहाताने चाचपा.