आधी एकच चित्र: कोलचं 'द ऑक्सबो'

रोमँटिक काळातली (एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, निसर्ग आणि भावनेला महत्त्व देणारी) रानावनाची चित्रं समजून घ्यायचीत, तर ढीगभर चित्रं चाळू नका. अमेरिकन चित्रकार थॉमस कोलचं १८३६ सालचं 'द ऑक्सबो' घ्या आणि त्यालाच चिकटून बसा. न्यूयॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन) संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते मोठ्या आकारात फुकट मिळतं.

डावीकडून सुरुवात करा. वादळी ढग, पिळवटलेला मोडका बुंधा, गच्च झाडी. मग नजर उजवीकडे न्या. तिथे ऊन पडलंय, कनेक्टिकट नदीनं मोठं वळण घेतलंय, आखीव शेतं दिसतायत. जंगलतोड कोलला मनापासून खुपायची, त्यामुळे ही विभागणी म्हणजे नुसती रचनेची सोय समजू नका. खाली खडकांत तो स्वतः चित्र काढत बसलाय आणि वळून आपल्याकडे बघतोय. झूम केल्याशिवाय सहसा सापडत नाही!

हे जागेवर बसून रंगवलेलं नाही बरं का. कोल बाहेर पेन्सिलीनं रेखाटनं करायचा, मोठा कॅनव्हास स्टुडिओत. ट्यूबमधले तैलरंग आले १८४१ मध्ये, त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरत, ते बाहेर नेणं कटकटीचं. तुम्हीही कोलसारखंच करा, फोटोवरून थेट रंगवायला घेऊ नका. बाहेर पेन्सिलीनं टिपा, उजेड कुठून येतोय ते शेजारी लिहा, चार दिवस जाऊ द्या, मग रंग लावा. फालतू तपशील तोवर आपोआप गळतात. कोल मुद्दाम तसा वेळ जाऊ द्यायचा.

हे जमलं की जर्मनीच्या कास्पार डाव्हिड फ्रीडरिशकडे वळा. तोही ड्रेस्डेनच्या स्टुडिओत रेखाटनांवरूनच चित्र रचायचा, पण त्याच्या चित्रांतलं धुकं हे वेगळंच प्रकरण आहे.