वाचक विचारतात: पंपाचं ऑपरेशन, शुगर आणि नवराबायको

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. वय ५६, शेती आहे, सातारा जिल्हा. शुगर १४ वर्षांपासून. गेली ३ वर्षं अजिबात ताठरता येत नाही, इच्छा आहे पण शरीर साथ देत नाही. मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणून खाल्ल्या, फरक शून्य. एकाने मोबाईलवर दाखवलं की आता आत पंप बसवतात, नवीन शोध आहे म्हणे. खरं आहे का? करू का? घरी कुणाला सांगितलेलं नाही. (नाव छापू नये)

उत्तर : दादा, पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत, ३ वर्षं एकट्याने मनात ठेवणं सोपं नसतं. शुगर इतकी वर्षं असली की लिंगाच्या रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही खराब होतात, त्यात तुमच्या पुरुषपणाचा काही संबंध नाही हे आधी डोक्यातून काढून टाका.

पंप खरा आहे, पण नवीन नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉ. स्कॉट यांनी १९७३ मध्येच हवा तेव्हा फुगवता येणारा इम्प्लांट जगापुढे मांडला होता. कल्पना आजही तीच आहे, लिंगात दोन लांब नळ्या, अंडकोषाच्या पिशवीत एक छोटा पंप, आणि पोटात मूत्राशयाजवळ सलाइनच्या पाण्याची पिशवी, पंप दाबला की पाणी नळ्यांत येतं आणि ताठरता येते, काम झालं की बटण दाबायचं, पाणी परत जातं. बाहेरून काहीच दिसत नाही.

मग सुधारलं काय, तर ज्या गोष्टींनी आधीच्या पेशंट्सना त्रास व्हायचा त्याच. सगळ्यात मोठी भीती इन्फेक्शनची, कारण आत पू झाला की सगळं काढावं लागतं. २००१ पासून नळ्यांवर अँटिबायोटिकचा थर यायला लागला, त्यात टीबीच्या गोळ्यांमधलं रिफाम्पिसिन असतं, दुसऱ्या एका कंपनीचा थर औषधाचं पाणी शोषून धरतो. त्याने खूप फरक पडला, आता पहिल्या ऑपरेशनला शंभरातल्या साधारण १ ते ३ जणांना इन्फेक्शन होतं, शुगरवाल्यांना धोका जास्त. म्हणून तुमची HbA1c, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर, आधी खाली आणायचीच, त्याशिवाय मी तरी हात लावणार नाही. दुसरं म्हणजे पूर्वी खोकला आला किंवा वजन उचललं की पाणी आपोआप नळ्यांत शिरायचं, बिचारा माणूस चारचौघांत अवघडून जायचा, आता झडप असते त्यामुळे ते बरंच थांबलंय. पंपही दाबायला सोपा झालाय.

तरी तुम्ही शेतकरी आहात म्हणून एक विचारतो, बोटं कशी आहेत? माझ्याकडे एक काका आले होते, पंपवालाच पाहिजे म्हणून हटून बसले, मी नमुन्याचा पंप त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं डोळे मिटून दाबा. शुगरने बोटं बधिर आणि आखडलेली, बटण कुठे आहे तेच सापडेना, कपाळावर घाम आला त्यांच्या. शेवटी आम्ही वाकणारा सिलिकॉनचा साधा इम्प्लांट बसवला आणि ते समाधानी आहेत. यात पाणी नाही, पंप नाही, वाकवून ठेवायचा आणि हवा तेव्हा सरळ करायचा. यातला एक तर आपल्या मुंबईच्या डॉ. रुपिन शहा यांनीच बनवलाय, त्यावरचं आवरण काढून जाडी कमीजास्त करता येते. पंपवाला काही लाखांत जातो, साधा त्यापेक्षा खूप स्वस्त. मात्र लिंग कायम थोडं कडकच राहतं, त्यामुळे पातळ कपड्यांत लपवणं अवघड जातं.

आता खरं कळकळीने सांगतो. हा रस्ता एकेरी आहे. नळ्या बसवताना आतला स्पंजसारखा भाग दबतो, उद्या इम्प्लांट काढला तरी नैसर्गिक ताठरता परत येत नाही आणि गोळ्यांचाही उपयोग होत नाही. म्हणून आधीच्या पायऱ्या नीट चढा. तुम्ही गोळी कशी घेतलीत? बहुतेक लोक भरपेट जेवून घेतात आणि टीव्ही बघत वाट बघतात. सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची नेहमीची गोळी, जड जेवणावर नीट लागत नाही आणि जवळीक नसेल तर ती काहीच करत नाही, डॉक्टरांकडून डोस ठरवून पाचसहा वेळा तरी करून बघावं लागतं. पण छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट ठेवत असाल तर सिल्डेनाफिल अजिबात नको, बीपी इतकं पडतं की जीव जाऊ शकतो. आणि ECG वगैरे तपासून घ्याच, लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक म्हणून आधी तुंबतात, हृदयाचं दुखणं कधीकधी इथेच पहिल्यांदा कळतं. गोळ्यांनी नाही जमलं तर बाहेरून लावायचा व्हॅक्यूमचा पंप आहे, लिंगात घ्यायचं इंजेक्शन आहे. हे सगळं झालं आणि तरी नाहीच, तर मग इम्प्लांट, आणि तेव्हा तो खरंच चांगला पर्याय आहे. १० वर्षांनंतरही बहुतेकांचा चालू असतो.

आणि वहिनींना सांगा दादा. ऑपरेशननंतर साधारण ६ आठवडे थांबावं लागतं, त्यांना न कळता हे होणारच नाही.

प्रश्न : मिस्टरांना हेच ऑपरेशन सांगितलंय. मला विचारायला लाज वाटते पण मला आत रबर आहे हे जाणवेल का? आणि त्यांना काही वाटेल का की नुसतं यंत्र? वय ४८, पुणे.

उत्तर : ताई, लाजू नका, हा प्रश्न तुमच्या मिस्टरांच्याही मनात असणार. कातडी, नसा त्यांच्याच असतात, स्पर्श, सुख, वीर्य येणं हे ऑपरेशनआधी जसं होतं तसंच राहतं, इम्प्लांट फक्त ताठरता देतो. इच्छा तो देत नाही. लिंगाचं टोक पूर्वीइतकं फुगत नाही आणि लांबी थोडी कमी वाटू शकते, हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण नंतर नाराजी होते ती बहुतेक याच्यावरूनच. बहुतेक बायकांना आत काही आहे असं वेगळं जाणवत नाही.

पुढच्या वेळी बाहेर बाकड्यावर बसून राहू नका, त्यांच्याबरोबर आत या. डॉक्टरांकडे नमुना मागा, हातात घ्या, पंप दोघांनी दाबून बघा, आणि जे विचारायचंय ते तिथेच विचारा.