लोनचं विचारलंत, पण आईच्या मेडिक्लेमचं काय?

मुलुंडहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 42, 12 वर्षं एकाच आयटी कंपनीत, लागोपाठ तीन वर्षं टॉप रेटिंग, तरी गेल्या आठवड्यात लॅपटॉप जमा करायला लावला. 30 तारखेला लास्ट डे, 12 लाख देतायत. ते 38 लाखांच्या होम लोनमध्ये भरू का, एवढाच प्रश्न. आईला अजून सांगितलेलं नाही, रोज सकाळी रिकामी बॅग घेऊन ऐरोलीला निघाल्यासारखं दाखवतात.

लोनमध्ये एक रुपयाही भरू नका. रेटिंगचं वाईट वाटणं समजतं, पण प्रोजेक्टच बंद झाला की रेटिंग कोण बघतंय. आणि 'दोन महिन्यांत याच पगारावर लागेनच' हे डोक्यातून काढा, दहा महिने धरून चला. 12 लाखांवर टॅक्स कापून हातात 9 येतील. ग्रॅच्युइटी तुम्ही मोजलीच नाहीये! बेसिक 75 हजार, 12 वर्षं, म्हणजे 5 लाखांच्या पुढे, तीही टॅक्स फ्री. झाले 14. ईएमआयचे 39 हजार धरून तुमचा महिना लाखात बसतो, म्हणजे 14 महिने. हेच लोनमध्ये घातलेत तर व्याज वाचेल, पण पुढच्या महिन्याचा हप्ता चुकत नाही आणि भरलेले पैसे बँक परत देत नाही.

युलिपचा, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या त्या पॉलिसीचा, 2 लाखांचा चौथा हप्ताही भरू नका. विकणारा म्हणे, 'एफडीसारखंच आहे सर'! एफडी मोडता तरी येते, इथे 5 वर्षं होईपर्यंत पैसे अडकलेले. लाइफ कव्हर जाईल, पण तो होताच किती, 20 लाख.

आता जे विचारलंच नाहीत ते. पत्राच्या शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय, आईला शुगर आणि बीपी, 'मेडिक्लेम कंपनीचा आहे'. अहो, आहे नाही, 30 तारखेपर्यंत आहे! स्वतःची एकही पॉलिसी नाही. नंतर नवीन घ्यायला गेलात तर जुन्या आजारांना 3 वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकतं, म्हणजे तोवर त्या आजारांचा क्लेम नाही. त्याआधी त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन मागा, सलग कव्हर होता तितक्या वर्षांचं क्रेडिट वेटिंगमध्ये मिळतं. प्रीमियम चांगलाच चढा येईल, कंपनी का-कू पण करेल, तरी अर्ज आत्ताच गेला पाहिजे. ई-कार्डवर ठळक नाव असतं ते बहुतेक टीपीएचं, म्हणजे क्लेम हाताळणाऱ्या मधल्या कंपनीचं, विमा कंपनीचं नव्हे, तेव्हा एचआरकडून पॉलिसी नंबर आणि कव्हर कधीपासून होता ते ईमेलवर लेखी घ्या, तुमचा लॉगिन चालू आहे तोवरच.

फॉर्मवर आईच्या सगळ्या गोळ्या खऱ्या लिहायच्या, काही लपवलंत तर पुढे क्लेम अडकतो. रिपोर्टची फाइल आईच्याच कपाटात असणार आणि मेडिकल लागली तर लॅबमध्येही त्यांनाच न्यावं लागेल. तेव्हा उद्या ती बॅग घरीच ठेवा आणि आधी आईशी बोला.