एलडीएल नॉर्मल आलंय म्हणून निवांत राहू नका

दादा, तुमचा प्रश्न वाचला. वय 44, तासगावात बेदाण्याचं शेड, एकूण कोलेस्टेरॉल 190, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल 32, ट्रायग्लिसराईड म्हणजे रक्तातली चरबी 260, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 106, उपाशीपोटी साखर 112, आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं एलडीएल ठीक आहे, काळजी नको. मी डॉक्टर नाही, पण मिरजेत 21 वर्षं लॅबमध्ये आहे, असे रिपोर्ट रोज हातातनं जातात, म्हणून कळकळीनं सांगतो, हा रिपोर्ट ठीक नाही.

एक तर ते 106 बहुतेक मोजलेलं नाहीच, वजाबाकी आहे. एकूणातनं एचडीएल काढायचं, मग ट्रायग्लिसराईडचा पाचवा भाग काढायचा, 190 मधनं 32 आणि 52 गेले की राहिले 106, करून बघा. 1972 पासनं हे गणित चालत आलंय, पण ट्रायग्लिसराईड वाढले की ते एलडीएल कमी दाखवायला लागतं आणि 400 च्या वर तर धरायचंच नाही. ट्रायग्लिसराईड फार वाढलेल्या काहींच्या रक्ताची ट्यूब मशीनमधनं फिरवून काढली की वरचं सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, पिवळं स्वच्छ दिसायच्या ऐवजी ताकासारखं पांढुरकं असतं, मागं बोट धरलं तरी दिसत नाही.

आता खरी गोष्ट. पोटावर चरबी साठली आणि इन्सुलिन नीट लागू पडेना की लिव्हर ट्रायग्लिसराईडनं भरलेले कण रक्तात सोडत राहतं, त्यांच्याशी देवाणघेवाण होऊन एचडीएल घटतं आणि एलडीएलचे कण बारीक, घट्ट होतात, म्हणजे एकेका कणात कोलेस्टेरॉल कमी पण कण जास्त. सीझनला कारखान्याचा रस्ता बघता ना, तो उसाच्या टनावर तुंबत नाही, ट्रॉल्या किती आल्या त्यावर तुंबतो. एलडीएलचा आकडा टन सांगतो. ट्रॉल्या मोजायला अ‍ॅपो-बी नावाच्या प्रथिनाची तपासणी, कारण धमनीच्या भिंतीत शिरणाऱ्या प्रत्येक कणावर ते एकच असतं. ते जमत नसेल तर नॉन-एचडीएल फुकटात निघतं, 190 वजा 32, 158. ते साधारण 130 च्या खाली पाहिजे, शुगर किंवा हार्टचा पेशंट असेल तर आणखी खाली.

मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे शुगर आणि हार्टचा धोका वाढवणाऱ्या खुणा एकत्र येणं, म्हणायला पाचातल्या तीन खुणा लागतात, तुमच्या तीन इथंच भरल्या: ट्रायग्लिसराईड 150 च्या वर, एचडीएल 40 च्या खाली, साखर 100 च्या वर. बीपी आणि कंबर अजून राहिलेच. पॅन्ट 36 ची लागते ही कंबर नव्हे हो, पॅन्ट पोटाखाली बसते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावा, आपल्याकडच्या पुरुषाला 90 सेंटीमीटरची हद्द.

तेल-तूप बंद केलंत म्हणता, पण शेडवर दिवसभर जाता-येता मूठभर बेदाणे, त्यात निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच. वर चार चहा आणि संध्याकाळी भडंग. तुमचे ट्रायग्लिसराईड इथनं चढतायत, तुपातनं नाही असं माझं स्पष्ट मत. दारू असेल तर तीही. वजन 5 ते 10 टक्के उतरलं तर ट्रायग्लिसराईड साधारण 20 टक्के खाली येतात.

वडिलांना 52 व्या वर्षी अटॅक आला म्हणताय, तर लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारख्याच एका कणाची तपासणी, पण एकदा करून घ्या, ते अनुवंशिक असतं, परत परत करावं लागत नाही. थायरॉईड आणि तीन महिन्यांची शुगर पण बघा. गोळी लागते का हे फिजिशियननी ठरवायचं, त्यांच्यापुढं नॉन-एचडीएल 158 आणि वडिलांचं अटॅकच्या वेळचं वय दोन्ही ठेवा, आणि कंबर किती भरली ते मला कळवा.